मुठीच्या आतलं पोलाद

१

तलवार घरातच होती, तरीही ती चोरीला गेली होती. निदान संचिता शेडगेच्या वडिलांचं म्हणणं तसं होतं. म्यान तेच, मूठ तीच, मुठीवर विणलेली दोरीसुद्धा तीच. आतलं पातं मात्र कुणीतरी काढून घेतलं होतं आणि त्याच्या जागी कारखान्यातलं पातं बसवलं होतं. आणि हा उद्योग करणारा दुसरा-तिसरा कुणी नव्हता, सख्खा पुतण्या होता.

नौपाड्यातल्या आपल्या घरात दर्शना टिपणीस हे सगळं शांतपणे ऐकत होत्या. संचिताने चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत दर्शनाताई धातुतपासणीच्या प्रमुख होत्या. मोडलेला दांडा, तडकलेला गिअर, फुटलेली नळी समोर ठेवली की तो तुकडा कसा घडला, कसा वापरला गेला आणि कशाने मोडला हे त्या सांगायच्या. निवृत्तीनंतरही लोक त्यांच्याकडे कसले कसले तुकडे घेऊन यायचे. तलवार घेऊन मात्र आजवर कुणी आलं नव्हतं, त्यामुळे त्या मनातून खूश होत्या.

संचिताचे आजोबा मराठा पलटणीत सुभेदार होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले आणि परत येताना एका जपानी अधिकाऱ्याची तलवार घेऊन आले. पुढे थोरला मुलगा तानाजी, म्हणजे संचिताचे वडील, ठाकुर्लीला राहिला, धाकटा शिवराम बाळकुमला. तलवारीची पोलिसांत रीतसर नोंद होती आणि ती ठाकुर्लीलाच असायची. फक्त खंडेनवमीच्या पूजेला ती एक वर्ष इथे आणि एक वर्ष तिथे, असा भावाभावांचा रिवाज होता. यंदा ती बाळकुमला गेली होती.

पुण्याच्या एका जाणकाराने फार पूर्वी मूठ काढून पाहिली होती आणि ही हाताने घडवलेली, जुन्या पद्धतीची तलवार आहे असं सांगितलं होतं. तो जाणकार आता हयात नव्हता. यंदा नौपाड्यातले संग्राहक नयन दिघे युद्धातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवत होते, म्हणून तानाजीरावांनी मोठ्या अभिमानाने तलवार त्यांच्याकडे नेली. दिघ्यांनी मूठ उतरवली, आतला भाग पाहिला आणि हे कारखान्यातलं पातं आहे, असं सांगून टाकलं.

त्याच संध्याकाळी तानाजीरावांनी भावाला फोन करून नको ते सुनावलं. भावाचा मुलगा ऋतुराज जुनी घड्याळं आणि कॅमेरे विकत घ्यायचा, दुरुस्त करून विकायचा. एवढं पुरे झालं.

"बाळकुमला लग्नाची पत्रिका जाणार नाही म्हणतायत बाबा," संचिता म्हणाली. "मला सख्खा भाऊ नाही, मॅडम. कानपिळीला ऋतूच उभा राहणार हे मी शाळेत असल्यापासून ठरलंय. त्याने नेली असेल तर तसं सांगा. पण नसेल नेली, तर मला तो लग्नात हवाय."

दर्शनाताईंनी विचारलं, ऋतुराज स्वतः काय म्हणतो.

"तेच तर कळत नाही. तो काहीच म्हणत नाही."

२

ठाकुर्लीच्या घरात तानाजीरावांनी टेबलावर स्वच्छ चादर अंथरून तलवार ठेवली होती. रेल्वेत आयुष्य काढलेला, ताठ बसणारा माणूस. पण तलवारीकडे बघताना त्यांचा चेहरा उतरत होता. त्यांच्या पत्नी शेवंतीबाई दाराशी उभ्या होत्या. भाऊभाऊ दिवाळीतसुद्धा बोलले नाहीत, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

दर्शनाताईंनी पदर खोचला, चष्मा बदलला आणि म्यानातून पातं बाहेर काढलं. खिडकीशी जाऊन त्यांनी ते तिरकं धरलं, हातातल्या छोट्या दिव्याचा झोत धारेच्या कडेने हळूहळू फिरवला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. कंपनीने एकदा त्यांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं होतं. बरोबरीचे लोक रविवारी बाजारहाट करायचे, तेव्हा दर्शनाताई संग्रहालयात तलवारींपुढे उभ्या असायच्या. ते रविवार आज कामाला येत होते. काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. तानाजीरावांनी दोनदा खाकरून पाहिलं, तरी नाही.

मग त्या मुठीकडे वळल्या. जपानी तलवारीचं पातं मुठीपाशी संपत नाही. त्याची एक लांब, निमुळती शेपटी मुठीच्या लाकडात आत शिरते, आणि मूठ नि शेपटी यांच्या आरपार बांबूची एक छोटी खुंटी ठोकलेली असते. खुंटी ढकलली की मूठ सुटते. ती सुटली, आणि शेपटी खिडकीच्या उजेडात नव्या स्टीलच्या चमच्यासारखी चकाकली.

"बघा," तानाजीराव म्हणाले. "पुण्याच्या माणसाने काढली तेव्हा मी शेजारी उभा होतो. काळी कुळकुळीत होती. ही ती नव्हे."

दर्शनाताईंनी मान डोलावली. ऐंशी वर्षं झाकून राहिलेलं पोलाद असं असत नाही, हे खरंच होतं. शेपटीच्या एका बाजूला छिन्नीने कोरलेली जपानी अक्षरं होती आणि त्यांच्या वर एक चिमुकला ठसा, पाच टोकांच्या ताऱ्याचा. त्यांनी भिंग लावून एकेक अक्षर पाहिलं. एका अक्षराच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. चिमट्याने ओढल्यावर तपकिरी रंगाचा एक केसासारखा दोरा बाहेर आला. तो त्यांनी कागदाच्या पुडीत ठेवला.

पातं आणि शेपटी जिथे मिळतात तिथे पितळेची एक पट्टी बांगडीसारखी घट्ट बसलेली होती. ती दिघ्यांनी काढली होती का, असं त्यांनी विचारलं. तानाजीरावांना तसं काही आठवत नव्हतं. दर्शनाताईंनी लाकडी ठोकळ्याने हलके टोले देत पट्टी सरकवली, खाली पाहिलं आणि पुन्हा होती तशी बसवली. शेवटी त्यांनी शेपटी मुठीत घालून पाहिली. ती सरसर आत गेली आणि तळाशी टेकली. दोन्हीकडची भोकं एकमेकांसमोर आली. पातं हलवून पाहिलं, ते तसूभरही डगमगलं नाही.

"ही खुंटी कुणी बदलली?" त्यांनी विचारलं.

तानाजीराव गोंधळले. खुंटी म्हणजे खुंटी, तिच्याकडे कोण बघतंय. पण दर्शनाताईंच्या तळहातावरची खुंटी पिवळट, ताजी होती. मुठीची दोरी घामाने आणि काळाने काळवंडली होती आणि ही कालपरवा तासल्यासारखी दिसत होती. एका बाजूला तांबड्या छपाईचा फिकट अंश होता. चायनीजच्या पार्सलबरोबर ज्या बांबूच्या काड्या येतात, त्यांच्यावर असतो तसा.

दिघ्यांच्या आधी कुणीतरी ही मूठ उघडली होती, किंवा दिघ्यांनीच काही केलं होतं.

३

नयन दिघे यांच्या दोन खोल्या शिरस्त्राणं, पाण्याच्या बाटल्या, पदकं आणि नकाशे यांनी भरलेल्या होत्या. माणूस गोड होता. त्यांनी दर्शनाताईंना बसायला स्टूल मोकळं करून दिलं आणि कुणी न विचारता कबूल केलं की तलवार उघडण्याआधी दोन रात्री त्यांच्या कपाटात होती, किल्ली त्यांच्याच खिशात होती, तेव्हा संशय घ्यायचा तर त्यांच्यावरही घ्यावा. शेडग्यांच्या घरात भांडण लागलं हे कळल्यापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

खुंटीबद्दल विचारल्यावर ते म्हणाले की ती बोटाच्या दाबाने निघाली. जुनी खुंटी अशी निघत नाही, हातोडीने ठोकावी लागते. तिचा ताजा रंगही त्यांना खटकला होता, आणि नंतर त्यांनी तीच परत बसवली. पातं बदलल्याचा तोही एक पुरावा, असं ते धरून चालले होते.

बाकीची कारणंही त्यांनी सांगितली. युद्धाच्या काळात जपानी फौजेला हजारो तलवारी लागत होत्या. लोहारांकडून हाताने एवढ्या होईनात, म्हणून बहुतेक कारखान्यांत तयार पोलादाच्या पट्टीतून निघाल्या, आणि धार कडक करताना, तापवून पाण्याऐवजी तेलात विझवल्या गेल्या. अशा पात्याच्या शेपटीवर तपासणीचा ठसा मारायचे. "ठसा दिसला की कारखाना," ते म्हणाले. "आमच्यात हा पहिला धडा आहे, मॅडम."

"कुठला ठसा, ते तुम्ही तानाजीरावांना सांगितलंत?"

दिघ्यांनी आठवून पाहिलं. नाही. ठसा आहे, एवढंच म्हटलं. तानाजीराव तेवढं ऐकूनच खुर्चीत बसले होते, त्यांना जवळ बोलावून दाखवायचा धीर झाला नाही.

दर्शनाताईंनी आणखी एकच गोष्ट विचारली. विझवताना पात्याच्या धारेलगत उमटते ती पांढुरकी रेघ त्यांनी कुठल्या उजेडात पाहिली होती? दिघ्यांनी वर ट्यूबलाइटकडे बोट दाखवलं, आणि मग स्वतःच त्या बोटाकडे बघत राहिले.

४

बाळकुमला शिवराम शेडग्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. शिवराम कामावर गेले होते. ऋतुराजने दार उघडलं. तिशीच्या आतबाहेरचा, दाढी वाढलेला, डोळ्यांखाली झोप साचलेला. कोपऱ्यातल्या टेबलावर दोन उघडी घड्याळं पडली होती. देवघरात पितळेची समई, निरांजन, घंटा अशी लखलखत होती की दर्शनाताई क्षणभर तिथेच थांबल्या.

ऋतुराजने तलवारीला हात लावला नाही, असं सांगितलं. खंडेनवमीला बाबांनी पूजा केली, दसऱ्यानंतर तलवार परत गेली, बस्स. मूठ उघडली का? नाही. कुणी उघडताना पाहिलं का? नाही. उत्तरं तयार ठेवल्यासारखी येत होती, आणि प्रत्येक उत्तराच्या आधी त्याची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे जात होती.

"मोठ्या काकांना मी चोर वाटतो ना, वाटू दे," तो शेवटी म्हणाला. "एवढासा तारा बघून ठरवलं सगळ्यांनी. मी काय बोलणार?"

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. सगुणाबाई हसतमुख होत्या; पण घरावर आलेल्या संकटाने गांगरून गेल्या होत्या. त्यांनी दर्शनाताईंना कळवळून सांगितलं की माझा मुलगा असं करणार नाही, पण भावजी फोनवर ह्यांच्याशीच बोलतात आणि हे मला काही नीट सांगत नाहीत. तलवार बदलली म्हणतात, कशावरून म्हणतात कोण जाणे.

"आई, तू आत जा," ऋतुराज म्हणाला. आवाज हळू होता, पण त्यात एवढी घाई होती की सगुणाबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

दर्शनाताईंनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं की रविवारी सगळ्या शेडगे मंडळींना इथे, याच घरात बोलावलं तर चालेल का. तानाजीरावांना त्या स्वतः घेऊन येतील. तलवारसुद्धा.

लिफ्टपर्यंत सोडायला आलेला ऋतुराज एकदम थांबला. "मॅडम, सोडून द्या ना हे," तो म्हणाला. "मी घेतली म्हणून सांगा काकांना. विकली, आता सापडत नाही म्हणा."

"जी तलवार मी परवा हातात धरली होती, ती विकली कशी म्हणून सांगू?" दर्शनाताई म्हणाल्या आणि लिफ्टचं दार लागलं.

५

रविवारी तानाजीराव आले, पण सोफ्याच्या अगदी कडेला बसले. शेवंतीबाई आणि सगुणाबाई एकमेकींचे हात धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. शिवराम खिडकीबाहेर बघत होते. संचिता ऋतुराजशेजारी जाऊन बसली. दिघेही आले होते, कारण त्यांना बोलावलं नसतं तरी ते आले असते.

दर्शनाताईंनी मूठ उतरवली, पितळी पट्टी सरकवली आणि तलवार सगळ्यांना दिसेल अशी धरली. पट्टीखालचा बोटभर भाग कोळशासारखा काळा होता. तिथून एक सरळ रेघ, आणि रेघेच्या खाली चकाकी.

"हा काळा गंज चार-सहा आठवड्यांत येत नाही, ऐंशी वर्षांनी येतो," त्या म्हणाल्या. "म्हणजे शेपटी जुनीच आहे. मूठ आतून याच शेपटीच्या मापाने कोरलेली आहे. दुसरं पातं त्यात असं बसणार नाही, डगडगेल किंवा अडेल. तानाजीराव, तुमच्या वडिलांनी आणलेलं पातं हेच. बदललं कुणीच नाही. फक्त ते घासलं गेलंय."

तानाजीरावांनी रेघेकडे पाहिलं, मग भावाकडे.

दर्शनाताई पुढे सांगत गेल्या. नुसतं घासलं असतं तर काळेपणा हळूहळू फिका होत गेला असता. इथे तो कापल्यासारखा संपत होता. याचा अर्थ शेपटी कसल्यातरी आंबट पाण्यात उभी करून ठेवली होती, आणि पाणी या रेघेपर्यंत होतं. अक्षरात सापडलेला दोरा त्यांनी घरी पाण्यात भिजवून भिंगाखाली पाहिला होता. तो चिंचेचा होता. दोर्‍याबरोबर राखेचे कणही होते. असं पितळ घासतात, आणि या घरात पितळ किती मनापासून घासलं जातं हे देवघराकडे बघून कुणालाही कळेल.

"पण मूठ मी नाही सोडवली," सगुणाबाई पटकन म्हणाल्या. मग त्यांनी हळूच मुलाकडे पाहिलं. "ती सुटलेलीच होती."

ती त्यानेच सोडवली होती. ताऱ्याचा उल्लेख ऋतुराजने स्वतः केला होता, आणि तो तारा मुठीच्या आत असतो. दिघ्यांनी त्याबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं. एवढं बोलून दर्शनाताई थांबल्या आणि पुढचं त्याला सांगू दिलं.

ऋतुराजने जमिनीकडे बघत सांगितलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याला अक्षरांचा फोटो काढायचा होता. काका कधी उघडू द्यायचे नाहीत. त्याने खुंटी ठोकून काढली, ती चिरली. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला आणि त्याला बाहेर जावं लागलं. परत येऊन पाहतो तर आईने उद्या पूजा आहे म्हणून पात्याला जुनी साडी गुंडाळून शेपटी चिंचेच्या पाण्याच्या तांब्यात उभी केली होती, मग घासूनपुसून लखलखीत केली होती. आई इतकी खुशीत होती की तो काही बोलला नाही. बांबूच्या काडीची नवी खुंटी तासून त्याने मूठ बसवली. रात्री इंटरनेटवर वाचलं की या शेपटीवरचा गंज म्हणजे तलवारीचं वय असतं, तो कधीही काढायचा नसतो, काढला की जाणकार डोक्याला हात लावतात.

"मला चोर म्हणाले तर दोन वर्षांनी विसरतील," तो म्हणाला. "आईने तलवारीची वाट लावली म्हटलं असतं, तर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तेच निघालं असतं. आणि उघडी तर मीच टाकून गेलो होतो."

सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या रडतायत असं सगळ्यांना वाटलं. पण पदर खाली आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाण्यापेक्षा आश्चर्यच जास्त होतं.

"इतके दिवस भांडताय," त्या म्हणाल्या. "ती चकाकते म्हणून भांडताय, एवढं तरी मला सांगायचं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं ना."

शिवराम खिडकीपासून वळले. तानाजीराव उठून ऋतुराजपाशी गेले. त्यांनी पुतण्याचं डोकं दोन्ही हातांत धरून आपल्या पोटाशी दाबलं, लहानपणी धरायचे तसं, आणि सुनेसारख्या असलेल्या धाकट्या भावजयीला म्हणाले, "सगुणा, चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

दिघ्यांनी हळूच विचारलं की मग कारखान्याच्या ठशाचं काय.

दर्शनाताईंनी त्यांना खिडकीशी बोलावलं आणि दिवा त्यांच्याच हातात दिला. ठसा म्हणजे कारखाना हा नियम बरोबरच होता, पण ताऱ्याला तो लागू होत नव्हता. काही निवडक लोहारांना फौजेने जुन्या पद्धतीचं, लोखंडी वाळूतून काढलेलं पोलाद देऊन जुन्या रीतीनेच तलवारी घडवायला लावल्या होत्या, आणि हा तारा त्यांच्या कामावर असायचा. पण ठसा कुणी खोटाही मारू शकतं, म्हणून दर्शनाताईंनी ताऱ्यावर भिस्त ठेवली नव्हती. त्यांनी पात्यालाच विचारलं होतं. तेलात विझवलेल्या पात्याची रेघ धुरकट आणि मुकी असते. इथे झोत तिरका पडताच धारेलगत धुकं उतरल्यासारखं दिसत होतं आणि त्या धुक्यात मिठाच्या कणांसारखे बारीक ठिपके चमकत होते. पाण्यात विझवलेल्या पोलादातच ते असे उमलतात. आणि वरच्या अंगावर, नीट पाहिलं तर, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी होती, पोलाद पुन्हा पुन्हा दुमडून ठोकल्याची.

दिघे बराच वेळ दिवा फिरवत राहिले. "ट्यूबलाइटखाली हे कसं दिसणार," ते शेवटी म्हणाले, आणि चुकल्याबद्दल माफी मागण्याऐवजी आधी शिवरामला हाक मारून ते कण दाखवू लागले. मग एकेक करून सगळ्यांनी पाहिले. सगुणाबाईंनी दोनदा पाहिले. शेपटीचा गंज आता परत येणार नाही, आलाच तर नातवंडांच्या काळात, असं दर्शनाताईंनी सांगून टाकलं. तानाजीराव म्हणाले की विकायची कुणाला आहे.

दर्शनाताईंना जेवल्याशिवाय कुणी सोडणार नव्हतं. भाकरी, आमटी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा असं पान वाढलं गेलं. संचिता आणि ऋतुराज बाल्कनीत पत्रिकांवर नावं घालत बसले. जेवताना दिघ्यांनी विचारलं की प्रदर्शनात तलवारीखाली काय लिहू, सुभेदारांना ती मिळाली कशी.

शरणागतीच्या वेळी त्या जपानी अधिकाऱ्याने कंबरेची सोडवून आबांच्या हातात दिली, तानाजीरावांनी सांगितलं. आबा दोन्ही हात पुढे करून उभे होते, पाऊस पडत होता.

शिवरामने घास खाली ठेवला. छे, पाऊस कुठला. नदीकाठी तो अधिकारी तापाने फणफणला होता, आबांनी त्याला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं, जाताना त्याने ती उशाशी ठेवली. आबांनी मला स्वतः सांगितलंय.

मलाही आबांनीच सांगितलंय, तानाजीराव म्हणाले. दोघांचे आवाज चढले, पण आता त्यात मजा होती. शेवंतीबाई आणि सगुणाबाई आपापल्या नवऱ्याची बाजू घेऊ लागल्या. दिघ्यांनी पेन काढून नुसतं हातात धरलं होतं.

दोन्ही गोष्टी खऱ्या असणं शक्य नव्हतं. पावसाच्या, नदीच्या, तापाच्या तपशिलात कुठे धागा ओढायचा हे दर्शनाताईंना चांगलं दिसत होतं. दोन प्रश्न विचारले असते तर एक गोष्ट उसवली असती. त्यांनी दोघा भावांकडे पाहिलं आणि सगुणाबाईंकडे अर्धी भाकरी मागितली.